जिवंत माती, 3 पिशव्या, 14 महिने: घरातल्या शून्य मशागतीचा अनुभव

जिवंत माती म्हणजे न उकरता पिकामागून पीक घ्यायची, आतल्या सूक्ष्मजीवांच्या जोरावर चालणारी माती. पहिल्या पिकाला ती साधीच वाटते. नर्सरीतल्या तयार मिश्रणात मिरची जशी येते तशीच इथेही येते, उलट पहिले 3 आठवडे रोपं जरा दबकत वाढतात. फरक दुसऱ्या पिकापासून पडतो आणि तिसऱ्याला तो लांबूनही दिसतो. त्यामुळे 4 महिन्यांत निकाल हवा असेल तर या वाटेला न गेलेलंच बरं.

मांडणी अशी. पुण्यातल्या फ्लॅटची आतली खोली, 60 लिटरच्या 3 कापडी पिशव्या, प्रत्येकीवर 100 वॉटचा पांढरा एलईडी, रोज 14 तास. म्हणजे एका दिव्याला महिन्याला सुमारे 42 युनिट. क्रम मिरची, चेरी टोमॅटो, ढोबळी. फक्त एका पिशवीत मुद्दाम टोमॅटोवर टोमॅटो. माती एकदा भरली ती भरली. उकरणं नाही, उपसणं नाही, बाटलीतली खतं नाहीत. पिशवी 60 लिटरपेक्षा लहान घेऊ नका. 20 लिटरच्या पिशवीत माती दोन दिवसांत सुकते आणि तिच्यातल्या जिवंत वस्तीला दर वेळी फटका बसतो. ओली पिशवी 50 किलोच्या आसपास भरते, तेव्हा खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीकडेला ठेवलेली बरी.

तीन पिशव्यांचं मिश्रण: भिजवून फुगवलेलं कोकोपीट 70 लिटर (5 किलोची एक वीट), गांडूळखत 60, गाळाची लाल माती 30, भाताचं तूस 40, लाकडी कोळशाचा चुरा 10. बेरीज 210 होते, पण मिसळल्यावर बसून 180च भरतात. त्यात निंबोळी पेंड 500 ग्रॅम, भुईमुगाची पेंड 300, हाडांचा चुरा 500, जिप्सम 400, अंड्याच्या टरफलांची पूड 300 आणि काळ्या दगडाची भुकटी 5 किलो. परदेशी कृतींमध्ये बसाल्टची भुकटी विकत आणायला सांगतात. आपल्याकडे महाराष्ट्राचा बहुतेक भाग याच काळ्या दगडाचा, म्हणजे बसाल्टचा आहे, खडी क्रशरवर ती ढिगाने पडलेली असते. फक्त धुतलेली क्रश सँड घेऊ नका, बारीक भुकटी धुण्यात निघून जाते आणि आपल्याला तीच हवी असते.

दोन गोष्टी इथे चुकतात. कोकोपीट न धुता वापरलं तर त्यातलं मीठ राहतं आणि पानांच्या कडा करपतात. दोन वेळा भरपूर पाण्यात भिजवून पिळून काढायचं. कोकोपीट कॅल्शियम धरूनही ठेवतं, जिप्सम त्यासाठीच. दुसरं कोळशाचं. कोरडा कोळसा सुरुवातीला मातीतलंच अन्न शोषून बसतो, म्हणून तो आधी 15 दिवस गांडूळखताच्या पाण्यात मुरवायचा.

मिश्रण ओलं करून झाकून 4 आठवडे मुरू द्या. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि एखाद-दुसरा थेंबच गळावा, एवढी ओल. पहिल्या आठवड्यात हात घातला तर आत ऊब जाणवते, वर पांढरी बुरशी येते. ती येऊ द्या. आंबूस, कुजका वास आला तर मात्र पाणी जास्त झालंय, पसरून हवा द्या. पेंडीमुळे उंदीर येतात, झाकण घट्ट हवं. ऊब जायच्या आत रोप लावलं तर मुळं भाजतात.

आच्छादनासाठी रसवंतीवरचा उसाचा चोथा उत्तम आणि बहुतेक ठिकाणी फुकट मिळतो. साखर उरलेली असते म्हणून थेट टाकला की मुंग्या लागतात. दोन वेळा रात्रभर भिजवून, पाणी ओतून, उन्हात कडक वाळवायचा आणि 4–5 सेंटीमीटर थर द्यायचा. तो मातीत मिसळायचा नाही. वर राहिला तर हळूहळू कुजतो. आत गेला तर जिवाणू त्याला कुजवण्यासाठी मातीतलं नत्र ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात.

पीक संपलं की झाड उपटायचं नाही, बुंध्याशी कापायचं. मूळ आत राहू द्यायचं. हे काही नवीन नाही. नेरळचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांच्या बिननांगरणीच्या सगुणा राइस तंत्रातही भात कापल्यावर मुळं वाफ्यातच ठेवतात. चेरी टोमॅटो लावून 2 महिने झाल्यावर एका पिशवीच्या कडेचं आच्छादन बाजूला केलं, तर मिरचीचं जुनं मूळ बोटांत भुसभुशीत तुटत होतं आणि त्याच्या पोकळ सालीतून टोमॅटोची दोन पांढरी मुळं सरळ खाली गेली होती. माती उकरली असती तर ही वाट मोडली असती.

दोन पिकांच्या मधे 3 आठवडे मेथी किंवा चवळी दाट पेरायची, फुलं येण्याआधी कापून तिथेच पसरायची. प्रत्येक पिशवीची माती दर पिकाला दोन-तीन बोटं खाली बसते; वरून 5 लिटर गांडूळखत, 50 ग्रॅम निंबोळी पेंड, 50 ग्रॅम हाडांचा चुरा, मग पुन्हा आच्छादन. जीवामृत महिन्यातून एकदा, दहापट पाण्यात, पिशवीला अर्धा लिटर. 10 लिटरला शेण 500 ग्रॅम, गोमूत्र 500 मिली, गूळ आणि बेसन प्रत्येकी 100 ग्रॅम, चिमूटभर माती. सावलीत 48 तास, आणि ते घराबाहेर. खोलीत ठेवण्यासारखा वास नसतो. माझ्या मते चांगलं गांडूळखत हाताशी असेल तर जीवामृतावाचून अडत नाही.

खरी परीक्षा पाण्याची. यात खालून पाणी वाहून जाऊ द्यायचं नाही, त्यामुळे पाण्यातला प्रत्येक क्षार मातीतच साठतो. महापालिकेचं पाणी रात्रभर उघडं ठेवून चालतं. बोअर किंवा टँकरच्या जड पाण्याने पिशवीच्या कडेला पांढरी पुटं चढतात आणि नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या असं दिसू लागतं. सामू (pH) वाढून लोह अडकतं. आरओच्या टाकाऊ पाण्याचा मोह तर अजिबात नको, त्यात क्षार आणखी दाट असतात. जमेल तेवढं पावसाचं पाणी साठवा.

प्रमाण: दोन-तीन दिवसांनी 3 ते 4 लिटर, झारीने, सावकाश. एकदम ओतलं तर कडेने निसटतं आणि मधला गड्डा कोरडाच राहतो. सगळ्यात उपयोगी पडलं ते पिशवीच्या मध्यावर गळ्यापर्यंत पुरलेलं 2 लिटरचं साधं मडकं. रंगवलेलं किंवा चकचकीत नको, ते पाझरत नाही. मडकं पुरण्याआधी टोमॅटोच्या बुडाला काळे डाग येत होते. टरफलाची पूड वाढवून काही झालं नाही, कारण कॅल्शियम कमी नव्हतंच. ओल कमी-जास्त होत असल्याने ते फळापर्यंत पोचत नव्हतं. मडक्यानंतरच्या घोसांत डाग आले नाहीत.

खोलीत वारा नाही, मधमाशी नाही. टोमॅटोचे फुलोरे सकाळी 10 ते 1 च्या दरम्यान एक दिवसाआड टिचकीने हलवा. पावसाळ्यात हवा दमट असते, पराग चिकटून बसतो आणि फुलं गळतात, तेव्हा छोटा पंखा लागतोच. त्याच महिन्यांत मातीवर काळी बारीक चिलटं उठतात. त्यांच्या अळ्या कोवळी मुळं खातात. वरचे दोन सेंटीमीटर सुकू देणं, पिवळे चिकट सापळे आणि आठवड्यातून एकदा बीटीआय (चिलटांच्या अळ्या मारणारा जिवाणू), अशी 3 आठवडे सलग मात्रा द्यावी लागते. उन्हाळ्यात उलट लाल कोळी. पानांच्या खालून पाण्याचा फवारा.

आता या पद्धतीची खरी उणीव. टोमॅटोवर टोमॅटो घेतलेल्या पिशवीत दुसऱ्या पिकाची रोपं दुपारी माना टाकू लागली आणि मुळांवर गाठी निघाल्या. सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे अगदी बारीक कृमी. मुळं आत ठेवायचा नियम इथे उलटतो, कारण गाठीतली अंडी तशीच पुढच्या पिकाला मिळतात. म्हणून बुंधा कापण्याआधी दर वेळी कडेचं एक मूळ उकरून पाहा. गाठ दिसली तर तेवढी पिशवी मोडून मुळं वेचून काढा, माती काळ्या प्लॅस्टिकवर पातळ पसरून वरून पारदर्शक प्लॅस्टिकने झाका आणि एप्रिल-मेच्या उन्हात 5–6 आठवडे तापू द्या. मग ताजं गांडूळखत मिसळून झेंडू लावा, आणि निदान दोन पिकं त्या पिशवीत टोमॅटो, मिरची, वांगं नको. ती पिशवी सध्या झेंडूखाली आहे.