अलाइनरने फट रुंद झाली, पण इम्प्लांटला जागा मिळाली नाही

वरच्या मधल्या दोन मोठ्या दातांच्या बाजूला जो लहान दात असतो, तो माझ्या एका बाजूला मुळात आलाच नाही. त्या रिकाम्या जागेकडे शेजारचे दात हळूहळू सरकत गेले आणि शेवटी अर्धवट फट उरली. नवा दात बसवायला ती अपुरी होती आणि हसताना लपत नव्हती. समोरच्या इतर दातांच्या कडाही झिजल्या होत्या. माझ्या नेहमीच्या डेंटिस्टबाईंनी क्रम अगदी स्पष्ट सांगितला होता. आधी दात सरकवून पुरेशी जागा करायची, मग तिथे इम्प्लांट, म्हणजे मुळाच्या जागी हाडात बसवायचा स्क्रू, आणि वर कॅप, आणि सगळ्यात शेवटी झिजलेल्या कडांना कॉम्पोझिटचं बॉन्डिंग, म्हणजे दाताच्या रंगाचा भराव चिकटवून कडा भरून काढणं.

या क्रमामागचं कारण समजल्याशिवाय माझं नेमकं काय नुकसान झालं ते कळणार नाही, म्हणून थोडं सांगते. वाकडा किंवा पुढे आलेला दात नुसत्या व्हेनीअरने (दातावर पुढून चिकटवायच्या पातळ पापुद्र्याने) किंवा कॅपने सरळ दाखवायचा असेल, तर त्याचा बराच भाग घासून काढावा लागतो. इनॅमल, म्हणजे दाताचा बाहेरचा कठीण थर, एकदा गेलं की शरीर ते परत तयार करत नाही. दात आधी जागेवर आणले की नंतरची कापाकापी कमी होते, कधी कधी लागतच नाही. इम्प्लांटची गोष्ट आणखी वेगळी. नैसर्गिक दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो, त्याच्यामुळेच दाब दिला की दात हाडातून सरकतो. इम्प्लांटभोवती तो थर नसतो, तो थेट हाडाला जुळतो. एकदा बसवला की त्याची जागा बदलता येत नाही. म्हणून इम्प्लांटच्या आधी दातांची मांडणी पक्की व्हायलाच हवी.

डेंटिस्टबाई स्वतः दात सरकवण्याचं काम करत नाहीत. त्यांनी ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवा असं सांगून चिठ्ठी दिली होती आणि त्यात इम्प्लांटसाठी जागा हवी असल्याचं स्वच्छ लिहिलं होतं. ती चिठ्ठी घेऊनच मी अलाइनर, म्हणजे दात हळूहळू सरकवणारे एकामागून एक घालायचे पारदर्शक ट्रे, देणाऱ्या एका सेंटरमध्ये गेले. ‘आमच्या पॅनलवर ऑर्थोडॉन्टिस्ट आहेत, सरळ दातांपासून इम्प्लांटपर्यंत सगळं एकाच छताखाली’ अशी त्यांची जाहिरात होती. पांढरा कोट घातलेल्या एका मुलीने तोंडात स्कॅनर फिरवून स्कॅन घेतला. ती विक्री विभागातली आहे, हे मला फार पुढे कळलं. मी चिठ्ठी दाखवली, तिने ती फाइलला लावली. एक्स-रे कधी काढायचा, असं मी विचारलं. उत्तर मिळालं, ‘गरज नाही मॅडम, आमचा थ्री-डी स्कॅन एक्स-रेच्या पुढचा आहे.’

फसवणूक या वाक्यापासून सुरू झाली. तोंडात फिरवायचा स्कॅनर म्हणजे प्रकाशाने पृष्ठभाग टिपणारं यंत्र. दाताचा हिरडीबाहेर दिसणारा भाग आणि हिरडी, एवढंच त्याला दिसतं. मुळं कुठे झुकली आहेत, भोवती हाड किती उरलं आहे, जुन्या फिलिंगखाली कीड आहे का, मुळाच्या टोकाशी जंतुसंसर्ग आहे का, यातलं काहीही त्याला दिसत नाही. त्यासाठी पूर्ण जबड्याचा एक्स-रे लागतो, शंका असेल तिथल्या दातांचे वेगळे लहान एक्स-रे लागतात, आणि हिरडीची खोली बारीक सळईने मोजावी लागते. इम्प्लांट करायचा असेल तर बहुतेक वेळा त्या जागेचा सीटी स्कॅनही होतो. हिरडीचा आजार चालू असताना दात हलवले तर हाड आणखी झिजतं, हे त्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं. तरीही मला एक्स-रेविना प्लॅन दिला गेला आणि कागदावर ‘संपूर्ण निदान’ या नावाने त्याचे पैसेही लावले गेले.

मग पडद्यावर ॲनिमेशन दाखवलं. दात सरकत सरकत रांगेत आले, मधे सुरेख मोकळी जागा झाली. खाली एका डॉक्टरांचं नाव आणि त्यापुढे पदवी. आजच पूर्ण रक्कम भरली तर सवलत, आणि निकाल मनासारखा नसेल तर जादा ट्रे कितीही वेळा मोफत, असं तोंडी सांगितलं आणि माहितीपत्रकातही छापलेलं होतं.

त्या ॲनिमेशनबद्दल मला आज जे माहीत आहे ते प्रत्येकाला आधी माहीत असावं असं मला कळकळीने वाटतं. ते दात कसे हलवायचे त्याचं नियोजन असतं, ते तसेच हलतील याची हमी नसते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात समोरच्या दातांची जितकी हालचाल संगणकावर आखली होती, त्याच्या सरासरी ४१ टक्केच प्रत्यक्षात झालेली आढळली. २०२० सालच्या तशाच एका अभ्यासात हा आकडा ५० टक्क्यांपर्यंत आला. म्हणजे अलाइनर निरुपयोगी असतात असं मुळीच नाही. चांगले डॉक्टर हे धरूनच चालतात, मधे मधे तपासतात, नवा स्कॅन घेऊन जादा ट्रे बनवतात. माझ्या ओळखीत उत्तम निकाल मिळालेली माणसं आहेत. पण जिथे मधे तपासणारंच कोणी नसतं, तिथे उरलेली निम्मी हालचाल तशीच राहून जाते.

माझे ट्रे सुरू झाले. एक ट्रे दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवतो, दिवसाचे २० ते २२ तास घालावा लागतो, फक्त खाताना आणि ब्रश करताना काढायचा. हे सगळं मी काटेकोर पाळलं. ट्रेला पकड मिळावी म्हणून काही दातांवर कॉम्पोझिटची बारीक बटणं चिकटवली होती आणि दोन दातांच्या मधे पट्टीने घासून थोडी जागा केली होती. अशी घासणी हा या उपचारातला मान्य भाग आहे, दशांश मिलिमीटरमध्ये मोजून करायचा. माझ्या बाबतीत कुठल्या दातांमध्ये किती घासलं याची नोंद फाइलमध्ये आजही नाही.

काही ट्रेनंतर सुळ्याच्या टोकाशी ट्रे आणि दात यांच्यात पोकळी दिसू लागली. ट्रे पुढे गेला होता आणि दात मागे राहिला होता. अशा वेळी पुढचा ट्रे घालायचा नसतो. थांबून कारण शोधायचं असतं. मी त्यांच्या ॲपवर फोटो पाठवले. उत्तर यायचं ते ठरीव मजकुराचं: रबरी नळी चावा, ट्रे नीट दाबून बसवा, पुढच्या ट्रेवर जा. पोकळी तशीच राहिली, तरी उत्तर तेच. डॉक्टरांशी बोलायचं आहे असं मी पुन्हा पुन्हा लिहिलं. ज्यांचं नाव माझ्या प्लॅनवर होतं त्यांची आणि माझी गाठ एकदाही घालून दिली गेली नाही. खूप पाठपुरावा केल्यावर फोनवरच्या माणसाने सांगितलं की ते दूरवरून फक्त प्लॅन मंजूर करतात, रुग्ण बघत नाहीत.

शेवटचे ट्रे हातात देताना एका टॅबवर सही घेतली. ‘ट्रे मिळाल्याची पोच’ असं तोंडी सांगितलं. नंतर मागवलेल्या प्रतीत त्याच पानावर ‘उपचार समाधानकारकरीत्या पूर्ण’ असं वाक्य निघालं.

आरशात पाहिलं तर जागा झालेली दिसत होती. त्या आनंदात मी डेंटिस्टबाईंकडे इम्प्लांटसाठी गेले. त्यांनी सगळ्यात आधी एक्स-रे काढला. दात वरून एकमेकांपासून दूर झाले होते, पण हाडातली त्यांची मुळं एकमेकांच्या जवळ आली होती. दात नुसते तिरके झुकवले गेले होते. अलाइनरला दात झुकवणं सोपं जातं, मुळासकट सरळ उभा सरकवणं अवघड. त्यासाठी बटणांची नीट आखणी, सावकाश गती आणि मधले एक्स-रे लागतात, कधी ताराच लावाव्या लागतात. इम्प्लांट बसवताना त्याच्या दोन्ही बाजूंना शेजारच्या मुळापर्यंत निदान दीड मिलिमीटर हाड राहावं लागतं. अगदी बारीक इम्प्लांट धरला तरी मुळांच्या मधे सहा मिलिमीटरच्या आसपास जागा हवी. माझ्याकडे तेवढी जागा वर दिसत होती, आत नव्हती. तिथे इम्प्लांट घातला असता तर शेजारच्या मुळाला इजा झाली असती. स्कॅन किती का सुंदर असेना, हे त्याला दिसणं शक्यच नव्हतं. एक साधा एक्स-रे सुरुवातीला आणि एक मधे काढला असता तर हे वेळीच कळलं असतं.

मी सेंटरमध्ये परत गेले. मोफत जादा ट्रे मागितले. तेव्हा सहीचं पान पुढे केलं गेलं: उपचार पूर्ण झाला आहे, आता नवा प्लॅन, नवे पैसे. आणि लगेच दुसरा मार्ग सुचवला गेला. ‘इम्प्लांट कशाला, दोन्ही बाजूंचे दात तयार करून ब्रिज करू, समोरच्या सगळ्या दातांना कॅप लावू, झिजलेल्या कडांचाही प्रश्न सुटेल.’ ब्रिज म्हणजे शेजारच्या दोन्ही दातांवर कॅप लावून त्यांच्यामध्ये जोडलेला नकली दात, आणि इथे ‘तयार करून’ म्हणजे कापून. ज्या निरोगी दातांवर करवत चालू नये म्हणून मी हा सगळा खटाटोप केला, तेच दात कापायचे आणि त्यासाठी वर आणखी पैसे द्यायचे. मला सगळ्यात जास्त संताप आला तो याचाच. ब्रिज हा वाईट उपचार नाही, शेजारच्या दातांना आधीच मोठी फिलिंग किंवा कॅप असतील तर तो योग्यही ठरतो. पण माझे दात तसे नव्हते, आणि स्वतःच्या अर्धवट कामावर पांघरूण म्हणून तो पुढे केला जात होता.

मग मी माझी कागदपत्रं मागितली. मूळ स्कॅनच्या फाइल्स, प्लॅनची सर्व रूपं, संमतीपत्रं, माझी डेंटिस्टबाईंची चिठ्ठी. आधी ‘सिस्टिममध्ये आहे, देता येत नाही’, मग ‘कंपनीची मालमत्ता आहे’. लेखी मागणी पोचपावतीसह दिल्यावर स्कॅन आणि संमतीपत्रं मिळाली. चिठ्ठी फाइलमधून गायब होती, पण तिची प्रत डेंटिस्टबाईंकडे होती. दंतवैद्यांची नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे आणि ग्राहक तक्रार यंत्रणेकडे दिलेल्या तक्रारींचा आधार आज हीच कागदं आणि ॲपवरच्या संभाषणाचे स्क्रीनशॉट आहेत. पैसे अजून परत आलेले नाहीत.

पूर्ण रक्कम आधी भरण्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती माझ्या सेंटरपुरती नाही. घरबसल्या अलाइनर पाठवणारी अमेरिकेची स्माइलडायरेक्टक्लब ही मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये अचानक बंद झाली. ज्यांचे दात अर्ध्या वाटेवर होते, त्यांना स्थानिक डेंटिस्टकडे जा असं सांगण्यात आलं, आणि हप्त्यांवर उपचार घेणाऱ्यांनी हप्ते भरत राहावं अशीही अपेक्षा ठेवली गेली. तेव्हा कामाच्या टप्प्यांप्रमाणे पैसे द्या. जो तसं घ्यायला तयार नाही, त्याच्याकडे जाऊ नका.

ज्यांना दात सरळ करून पुढे कॅप, व्हेनीअर, बॉन्डिंग किंवा इम्प्लांट करायचा आहे, त्यांनी पैसे देण्याआधी एवढं कराच. शेवटचं काम जो डॉक्टर करणार आहे, त्याला प्लॅन दाखवा आणि कुठल्या दाताजवळ किती जागा हवी, मुळं कशी हवीत, ते त्याच्याकडून लिहून घ्या. दात सरकवणाऱ्या डॉक्टरने त्या कागदावर सही केली पाहिजे. दोघे एकमेकांशी बोललेच नाहीत तर मधली जबाबदारी कोणाचीच राहत नाही. कीड आणि हिरडीचा आजार आधी बरा करून घ्या, कारण ट्रे चालू असताना मोठं फिलिंग केलं की दाताचा आकार बदलतो आणि पुढचे ट्रे बसत नाहीत. जुनी कॅप किंवा ब्रिज असेल तर ते आधी सांगा. पोर्सिलेनवर बटणं नीट टिकत नाहीत, आणि ब्रिजने जोडलेले दात वेगवेगळे हलवता येत नाहीत. दात पांढरे करायचे असतील तर बॉन्डिंगच्या आधी करा आणि मधे दोनेक आठवडे जाऊ द्या, नाहीतर कॉम्पोझिट नीट पकडत नाही. बॉन्डिंग किंवा कॅप झाल्यावर जुना रिटेनर, म्हणजे सरळ केलेले दात जागेवर धरून ठेवणारा साचा, बसणार नाही, नवा लागेल. त्याचे पैसे प्लॅनमध्ये धरले आहेत का, तेही विचारा. हा प्रश्न विचारला की समोरच्याने पुढच्या कामाचा विचार केला आहे का ते लगेच कळतं.

सध्या माझ्या वरच्या दातांना तारा आहेत. ऑर्थोडॉन्टिस्ट प्रत्येक भेटीत स्वतः तपासतात, मुळं सरळ होताना एक्स-रेमध्ये दिसू लागली आहेत. इम्प्लांट त्यानंतर.

आणि ज्यांचे ट्रे आत्ता चालू आहेत, त्यांच्यासाठी: ट्रे आणि दात यांच्यात पोकळी राहत असेल, दात सैल लागत असेल, किंवा मागच्या दाढा एकमेकांना टेकायच्या थांबल्या असतील, तर पुढचा ट्रे घालू नका. हातातला ट्रेच घालत राहा म्हणजे दात मागे सरकणार नाहीत, तो बसतच नसेल तर त्याच्या आधीचा घाला, आणि ज्याचा त्या सेंटरशी संबंध नाही अशा डेंटिस्टकडून एक्स-रे काढून घ्या. स्कॅनच्या फाइल्स आणि सही केलेल्या प्रत्येक पानाची प्रत आजच लेखी मागा, वाद सुरू व्हायच्या आधी.