चेक इंजिनच्या दिव्यासाठी स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर: घ्यावा का?

दिवा पेटला, स्कॅनर लावला, पी ०१३५ हा कोड आला, सेन्सर बदलला, आठवड्याने दिवा पुन्हा पेटला. धुराच्या पाइपातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरवर असे हजारो रुपये जातात, कारण कोडमधला ‘सर्किट’ हा शब्द कुणी वाचत नाही. पी ०१३५ म्हणजे पुढच्या सेन्सरला तापवणाऱ्या हीटरच्या सर्किटमध्ये गडबड. त्या सर्किटात फ्यूज आहे, रिले आहे, वायर आहे, कपलर (वायरी जोडणारा प्लग) आहे, ईसीयू (इंजिनचा संगणक) आहे आणि शेवटी सेन्सर आहे.

‘ईएलएम ३२७’ असं छापलेला काडीपेटीएवढा ब्लूटूथ स्कॅनर ऑनलाइन पाचशे ते हजारात मिळतो. त्याच्या जिवावर हे निदान घरी होतं का? निम्मं होतं. उरलेलं काम साध्या मल्टिमीटरचं आणि २१ वॉटच्या इंडिकेटर बल्बचं.

आधी खरेदीचं. स्टिकरवर १.५ किंवा २.१ काहीही असो, या किमतीत मिळतो तो नकली चिपचाच माल. मूळ कंपनीने १.५ ही आवृत्ती कधी काढलीच नव्हती. नव्या गाड्या कॅन या डेटा लाइनवर बोलतात, म्हणजे स्कॅनर लावायच्या सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर, आणि तिथे नकली मालही बरा चालतो. जुन्या गाड्या ७ नंबरच्या पिनेवर, के-लाइन या जुन्या डेटा लाइनवर बोलतात आणि काही स्वस्त तुकड्यांत ती बाजू धड चालतच नाही. म्हणून ऑर्डर देण्याआधी टॉर्च मारून सॉकेटमध्ये कोणत्या पिना आहेत ते बघा. आयफोनवाल्यांनी साधा ब्लूटूथचा तुकडा घेऊ नये, तो जोडलाच जात नाही. वायफायचा किंवा ब्लूटूथ एलईचा घ्यावा.

कोड वाचायचं काम तो चोख करतो. कोड पुसण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, कारण दिवा पेटला त्या क्षणाचे आकडे (इंजिनचं तापमान, आरपीएम, लोड) कोडबरोबरच पुसले जातात. मग कोड नीट वाचा. पी ०१३१ म्हणजे व्होल्टेज कमी, पी ०१३२ म्हणजे जास्त, पी ०१३३ म्हणजे सेन्सर सुस्त, पी ०१३४ म्हणजे हालचालच नाही. पी ०१३५ आणि पी ०१४१ जोडीने आले तर पुढचा आणि मागचा असे दोन हीटर एकाच दिवशी मेले असं समजू नका. दोघांचा फ्यूज बहुधा एकच असतो, तो आधी काढून बघा.

लाइव्ह ग्राफ हा स्कॅनरचा सर्वांत उपयोगी भाग, आणि फसवणाराही. सोलापुरात सात रस्त्यावरून विजापूर रोडने सैफुलपर्यंत एक फेरी मारा, म्हणजे इंजिन आणि सेन्सर दोन्ही तापतात. मग गाडी उभी करून २५०० आरपीएम धरा. पुढचा झिर्कोनिया (म्हणजे नेहमीच्या प्रकारचा) सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये सतत वर-खाली झाला पाहिजे, दहा सेकंदांत अनेकदा. मागचा, कॅट-कॉननंतरचा (धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरनंतरचा), ०.६-०.७ च्या आसपास निवांत बसलेला असतो. पण अ‍ॅपमध्ये दहा आकडे एकदम लावले तर हा स्कॅनर प्रत्येक आकडा सेकंदाला एखाद्या वेळीच आणतो. मग ठणठणीत सेन्सरही सुस्त दिसतो आणि पी ०१३३ वर विश्वास बसतो. के-लाइनवर हे जास्तच होतं. ग्राफवर फक्त पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज ठेवा, बाकी सगळं बंद. अ‍ॅपमध्ये व्होल्टऐवजी लॅम्बडा (हवा-इंधनाच्या प्रमाणाचा आकडा) किंवा मिलिअँपिअर दिसत असेल तर गाडीत वाइडबँड हा वेगळ्या प्रकारचा सेन्सर आहे, त्याला हे ०.१-०.९ चं गणित लावू नका.

आता जिथे स्कॅनर संपतो तिथलं काम. कपलर सोडवा. सेन्सरच्या बाजूला दोन पांढऱ्या वायरी म्हणजे हीटर, काळी सिग्नल, करडी अर्थ (अर्थिंग). डेन्सो कंपनीच्या सेन्सरांत दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नल, पांढरी अर्थ. गाडीच्या बाजूचे रंग वेगळे असतात, तिथे पिनेसमोर पिन बघून ओळखायचं. हीटरचा रेझिस्टन्स सकाळी, रात्रभर थंड झालेल्या गाडीवर मोजा. गरम हीटर जास्त दाखवतो. बहुतेक गाड्यांत तो ३ ते १५ ओहमच्या दरम्यान येतो, पण तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला आकडाच शेवटचा. मीटरच्या दोन्ही टोकांना एकमेकांना चिकटवून येणारा आकडा त्यातून वजा करा. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटलाय, सेन्सर खुशाल बदला.

रेझिस्टन्स बरोबर आला तर गाडीच्या बाजूने तपासायचं, आणि इथेच बरेच जण चकतात. इंजिन चालू ठेवून हीटरच्या पिनेवर १२ व्होल्ट आले म्हणून लाइन चांगली ठरत नाही. दहापैकी नऊ तारा तुटून एकच उरली तरी मीटर १२ च दाखवतो, कारण मीटर करंट ओढतच नाही. त्या पिनेपासून बॅटरीच्या अर्थपर्यंत २१ वॉटचा बल्ब लावा. तो साधारण पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणजे हीटरएवढाच. लख्ख पेटला तर पुरवठा ठीक. मिणमिणला तर फ्यूजची बैठक, रिले किंवा वाटेतला जोड तपासा. दुसरी बाजू ईसीयू अर्थ देऊन चालू-बंद करतो. बल्ब तिच्यावर टेकवू नका.

सिग्नलची वायर तपासताना स्कॅनर पुन्हा कामाला येतो. कपलर सोडलेला, चावी ऑन. अनेक गाड्यांत ग्राफवर ०.४५ च्या आसपास सरळ रेषा येते. गाडीच्या बाजूची सिग्नल पिन अर्थला टेकवली की रेषा शून्यावर पडली पाहिजे. पडली नाही तर मधे वायर तुटलीय. न टेकवताच शून्य असेल तर वायर कुठेतरी बॉडीला लागतेय. एक व्होल्टच्या वर असेल तर हीटरच्या वायरला चिकटलीय. सेन्सरला हात न लावता पाच मिनिटांत निकाल!

वायर कुठे मरते याचा अंदाज सोलापूरच्या गाड्यांत बांधता येतो. बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाडीत फिटरने ऑक्सिजन सेन्सरच्या सिग्नल वायरला मधेच जोडलेली वायर (टॅप) आधी शोधा. पीळ मारून काळी टेप गुंडाळलेला जोड एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या भागाजवळ) असेल तर मे महिन्यात टेपचा डिंक वितळतो आणि जोड उघडा पडतो. तिथली वायर वाकवून बघा; उष्णतेने तिची साल कडक भाकरीसारखी तुकडे होऊन पडते. महिनाभर कव्हर घालून उभ्या राहिलेल्या गाडीत मात्र आधी उंदराने कुरतडलेलं बघा.

जोड पुन्हा करताना सेन्सरच्या बाजूच्या वायरी झाळू नका. बऱ्याच सेन्सरांत बाहेरची हवा वायरच्या तारांमधूनच आत जाते आणि कथिल ती वाट बंद करतं. दाबायची स्लीव्ह वापरा, कपलरात ग्रीस भरू नका. आणि पी ०१३१ आला असेल तर वायरिंगच्या आधी मॅनिफोल्डच्या गास्केटवर काजळीचा काळा पट्टा आहे का ते बघा. गळतीतून आत आलेली हवा सेन्सरला खोटं बोलायला लावते, त्याचा दोष सर्किटला नाही.

गुण पाचपैकी साडेतीन. के-लाइनच्या गाडीसाठी अडीचच. काम झालं की सॉकेटमधून काढून ठेवा. १६ नंबरच्या पिनेवर बॅटरी कायम असते आणि हा तुकडा स्वतःहून झोपत नाही. चार-सहा दिवस उभ्या गाडीत विसरला तर जुनी बॅटरी सकाळी नुसती टकटक करेल.