७०७५ म्हणून आमच्या गळ्यात मारलेली प्लेट

लढाऊ रोबो बनवणाऱ्या प्रत्येक टीमने हे वाचावं म्हणून लिहितोय. ७०७५ या कडक ॲल्युमिनियमच्या नावाखाली साधी प्लेट विकून एकाने आमचे १२,६०० रुपये घेतले. त्यात एका मित्राचे दोन महिन्यांचे मेसचे पैसे होते. त्याने आजवर तो विषय काढलेला नाही, पण मला ते पैसे रोज आठवतात.

आम्ही सांगलीजवळच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजातले पाच जण. ८ किलो गटात उतरायचं आणि फ्लिपर बनवायचा हे ठरलेलं होतं, म्हणजे समोरच्या रोबोच्या पोटाखाली घुसून त्याला उलटा पाडायचा. आमचा फ्लिपर हवेच्या दाबावर चालणारा होता. ३२ मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर घेतला होता. स्पर्धेच्या नियमात दाब ८ बारपर्यंतच चालतो आणि तेवढ्यावर हा सिलिंडर साधारण ६५ किलोचा जोर देतो. झाकणासारखी सपाट प्लेट मागे बिजागरीवर बसवलेली, बिजागरीपासून टोक ३०० मिमी आणि सिलिंडर १०० मिमीवर. म्हणजे टोकाला तिसरा हिस्सा, सुमारे २२ किलो. ८ किलोच्या रोबोला एवढा पुरतो.

खरी परीक्षा प्लेटची होती. १०० मिमी रुंद आणि ५ मिमी जाड प्लेटवर, सिलिंडर जिथे जोडतो तिथे, नुसत्या स्थिर भाराचा ताण १०० मेगापास्कलच्या वर येत होता. फ्लिपर तर झटक्याने उडतो, म्हणून आम्ही तिप्पट धरून ३०० चा हिशेब केला. साधं ॲल्युमिनियम तिथे टिकत नाही. ७०७५-टी६, म्हणजे उष्णता देऊन कडक केलेलं ७०७५, जवळपास ५०० पर्यंत वाकत नाही, म्हणून तेच हवं होतं.

सांगलीत तयार माल नव्हता, मागवायला बारा दिवस लागणार होते. स्पर्धेला उरले होते वीस. तेवढ्यात एका ओळखीच्या टीमकडून एका विक्रेत्याचा नंबर मिळाला. फोनवर माणूस इतका गोड बोलला! “भाऊ, ओरिजिनल एअरोस्पेस ग्रेड आहे. स्टुडंट आहात म्हणून रेट कमी लावतो, पण पेमेंट आधी.” पाच मिनिटांत व्हॉट्सॲपवर टीसी, म्हणजे धातूच्या तपासणीचं सर्टिफिकेट, आलं. जस्त ५.६ टक्के, हीट नंबर (धातू ओतलेल्या घाण्याचा क्रमांक), शिक्का, सही, सगळं जागच्या जागी. प्लेटा आणि पिव्होटसाठी (बिजागरीच्या दांडीसाठी) ईएन२४ या मजबूत स्टीलचा रॉड मिळून पैसे यूपीआयने पाठवले. नाव दुसऱ्याच माणसाचं दिसलं. विचारलं तर म्हणाला, अकाउंट भावाचं आहे. आम्ही ते मान्य केलं.

माल चौथ्या दिवशी आला. एक प्लेट मापात कापून काट्यावर ठेवली तर ४०४ ग्रॅम. आमच्या डिझाइनमध्ये ४२१ होती. १७ ग्रॅम वाचले म्हणून आम्ही टाळ्या दिल्या! ८ किलोच्या मर्यादेत एकेक ग्रॅमसाठी स्क्रू बदलणारी पोरं आम्ही, आनंद होणारच. पण आमची झालेली फसवणूक तिथेच, त्या काट्यावर उघडी पडली होती. ७०७५ मध्ये जस्त आणि तांबं असतं, म्हणून त्याची घनता घन सेंटीमीटरला २.८१ ग्रॅम, साध्या ॲल्युमिनियमची २.७०. १५० घन सेंटीमीटरच्या प्लेटमध्ये बरोबर तेवढाच फरक पडतो. जाडी व्हर्नियरने चारही कोपऱ्यांत ५ मिमी भरली होती. मग वजन कमी का, हे कुणीच विचारलं नाही.

चाचणीला खोक्यात ८ किलो वाळू भरली. पहिल्या दोन वेळा खोकं मस्त उडालं. तिसऱ्या वेळी झाकण खाली बसेना, पुढच्या धारेपाशी बोट जाईल एवढी फट. पट्टी लावली तर सिलिंडरच्या भोकांपाशी ११ मिमीचा बाक. तडा मात्र कुठेच नाही. त्या माणसाला फोन केला तर म्हणाला, “भाऊ, चांगलं मटेरियल वाकतं, तुटत नाही.”

कुपवाड एमआयडीसीतल्या लेथवाल्या काकांनी उरलेली पट्टी व्हाइसमध्ये धरली, वरून पाइप घातला आणि ओढली. पट्टी आवाज न करता काटकोनात दुमडली. “पोरांनो, हे ७०७५ नव्हे. ते असं दुमडत नाही, कडकन तुटतं.” शेजारच्या भंगारवाल्याकडे धातू तपासायची एक्सआरएफ गन आहे. दहा सेकंदांत आकडा आला: जस्त ०.१ टक्क्याहूनही कमी.

मग टीसी नीट मोठं करून पाहिलं. तारखेचा फॉन्ट बाकीच्या मजकुरापेक्षा वेगळा. ज्यांनी नंबर दिला होता त्यांचं जुनं टीसी मागवलं, तर हीट नंबर तोच, आकडे तेच, तारीख मात्र दोन वर्षांपूर्वीची. कोटेशनवरचा जीएसटी नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकला, तर तो कापडाच्या दुकानाचा निघाला. हे तपासायला एक पैसा लागत नाही, लॉगिनही लागत नाही. पैसे पाठवण्याआधी दोन मिनिटं काढली असती तर!

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रारही नोंदवली. पण पैसे जाऊन नऊ दिवस झाले होते. तिथल्या ताईंनी नीट समजावलं की पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम खात्यात गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंद केली आहे. अजून रुपया परत आलेला नाही.

स्पर्धेत उतरलो, पण दाब ४ बारवर ठेवून. टोकाला जोर उरला जेमतेम ११ किलो. फ्लिपर समोरच्याला उचलायचा, उलटवायचा मात्र नाही. पहिल्याच लढतीत बाहेर पडलो. परतीच्या गाडीत कुणी कुणाशी बोललं नाही.

आता माल आला की आधी प्लेट मोजतो, वजन करतो, घनता काढतो आणि छोटा तुकडा तपासून घेतो. तोवर उरलेले पैसे देत नाही. जो विक्रेता याला तयार नसेल त्याच्याकडून घेत नाही. त्या माणसाने नंबर बदललाय. गेल्या आठवड्यात नाशिकच्या एका टीमने आम्हाला एक टीसी पाठवून विचारलं, हे बरोबर आहे का? हीट नंबर पाहिला. तोच होता.