सिमेंटचे जुने पत्रे: रंगवून ठेवावेत की उतरवावेत?

पडवीवरचे, गोठ्यावरचे किंवा न्हाणीघरावरचे सिमेंटचे करडे पत्रे जुने झाले की दोन मार्ग उरतात. पत्रे जागेवर ठेवून त्यांच्यावर रंगाचा जाड थर द्यावा, किंवा ते उतरवून दुसरे छप्पर घालावे. या पत्र्यांत ॲसबेस्टॉस हे बारीक तंतूंचे खनिज असते, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. दापोली तालुक्यातील आमच्या घराच्या मागील पडवीसाठी मला हा निर्णय घ्यावा लागला, त्या अनुभवाच्या आधारे दोन्ही मार्गांविषयी लिहीत आहे.

परदेशांत जुन्या घरांबद्दल जी भीती सांगितली जाते, ती मुख्यतः भिंतींत, माळ्यावर आणि गरम पाण्याच्या नळांभोवती भरलेल्या उष्णतारोधक थराची असते. तो थर भुसभुशीत असल्याने त्याला धक्का लागला तरी तंतू हवेत मिसळतात. आपल्या किनाऱ्यावर घर उबदार ठेवण्याची गरजच नसल्याने तसा थर सहसा आढळत नाही. आपल्या पत्र्यांतील ॲसबेस्टॉस सिमेंटमध्ये घट्ट बांधलेले असते आणि त्याचे प्रमाण साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असते. त्यामुळे धड, अखंड पत्र्याखाली राहणाऱ्याला लगेच घाबरून जाण्याचे कारण नाही. धोका सुरू होतो तो पत्रा फुटल्यावर, कापल्यावर, घासल्यावर किंवा ऊनपावसाने त्याचा पृष्ठभाग झिजून तंतू उघडे पडल्यावर. श्वासातून आत गेलेले हे तंतू फुप्फुसाचा कर्करोग, फुप्फुसे घट्ट होत जाणारा ॲसबेस्टोसिस हा आजार आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग घडवू शकतात, आणि त्यांची लक्षणे बहुधा वीस ते चाळीस वर्षांनी दिसतात. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲसबेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान चाळीस वर्षे जपण्याचा आदेश दिला होता, यावरून या विलंबाची कल्पना येते. काम केले त्या दिवशी खोकला आला नाही, म्हणून काही झाले नाही, असा निष्कर्ष येथे काढता येत नाही. ब्रिटनने १९९९ मध्ये सिमेंटच्या पत्र्यांत असणाऱ्या पांढऱ्या ॲसबेस्टॉसवरही बंदी घातली आणि युरोपीय संघात ती २००५ पासून सर्वत्र लागू झाली. आपल्याकडे मात्र हे पत्रे आजही उघडपणे विकले जातात.

आता रंगाच्या मार्गाकडे वळतो. त्याच्या बाजूने बरेच काही आहे. तो स्वस्त पडतो, वासे आणि रिपा यांना हात लावावा लागत नाही, आणि चांगला थर बसला तर सुटे तंतू खरोखरच दाबले जातात. कोरड्या प्रदेशात घर असते, तर मी कदाचित हाच मार्ग सुचवला असता. पण रंग धरण्यासाठी पृष्ठभाग स्वच्छ हवा, आणि आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पावसाळा सरेपर्यंत पत्र्यावर हिरवे-काळे शेवाळ चढते आणि उन्हाळ्यात वाळून पोपड्यांसारखे चिकटून बसते. ते काढल्यावाचून रंग टिकत नाही, आणि ते काढायचे म्हणजे तारेच्या ब्रशने खरवडायचे किंवा पाण्याच्या जोरदार झोताने उडवायचे. म्हणजे झिजलेल्या सिमेंटमधील जे तंतू दाबून ठेवायचे, तेच आधी मोकळे करायचे. हे एकदाच करावे लागले असते, तरी मी कदाचित तयार झालो असतो. पण आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, कामांत शेवाळ दरवर्षी पुन्हा समोर उभे राहते. खरवडलेला करडा राप पहिल्याच पावसात पागोळ्यांबरोबर खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उतरतो, खळे वाळले की तेथेच झाडू फिरतो आणि मुले तेथेच खेळतात. हा एक मुद्दा माझ्यासाठी निर्णायक ठरला.

माडाखालच्या छपराचा प्रश्न वेगळाच आहे, कारण नारळ पडून पत्रा फुटला तर रंगाचा काही उपयोग होत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्या परिसरात फुटलेल्या पत्र्यांचे तुकडे वाड्यांत आणि पायवाटांवर पडले होते आणि पुष्कळांनी ते खड्डे बुजवायला वापरले. हे कोणीही करू नये, असे मला मनापासून वाटते.

पत्रे उतरवण्याच्या मार्गातही अडचणी आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. काम करणाऱ्यांना घाई असते, आणि गंजलेला हुक सुटला नाही की ते पत्र्यावरच हातोडी मारतात किंवा ग्राइंडर चालवतात. पत्रे पाण्याने भिजवून, हुक कापून, पत्रा अखंड हातांत घेऊन खाली उतरवायचा, वरून टाकायचा नाही, हे आधी ठरवून घ्यावे आणि स्वतः उभे राहून पाहावे. तोंडाला बांधलेला रुमाल येथे निरुपयोगी असतो. अतिबारीक धूळ अडवणारा एफएफपी-३ दर्जाचा मुखवटा घ्यावा आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत. खालची जमीन ओल्या फडक्याने पुसावी, कोरडी झाडू नये. सर्वांत अवघड आहे ती विल्हेवाट. घातक कचऱ्यासाठीचे सुरक्षित भूभरण, म्हणजे तो पुरण्याची जागा, रायगड जिल्ह्यात तळोजे येथे आहे. दोन-चार घरांनी मिळून तेथे विचारणा करणे व्यवहार्य ठरेल, असे मला वाटते. तोवर अखंड पत्रे जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, माणसांचा वावर नसलेल्या जागी ठेवावेत. कोंबड्यांच्या खुराड्यासाठी ते कोणालाही देऊ नयेत.

नव्या छपराबाबत फार लिहीत नाही. पडवीवर मी मंगलोरी कौले घातली. वानरांचा उपद्रव मोठा असेल, तर रंगीत धातूचा पत्रा बरा, मात्र खाऱ्या हवेत त्याचे स्क्रू आधी गंजतात, तेव्हा ते चांगल्या प्रतीचे घ्यावेत. ॲसबेस्टॉसविरहित सिमेंटचे पत्रेही मिळतात, पण ते जुन्यांसारखेच दिसतात, म्हणून दुकानदाराकडून बिलावर तसे लिहून घ्यावे.

ज्यांचे पत्रे अखंड आहेत, माडाखाली नाहीत आणि ज्यांवर शेवाळ फारसे धरत नाही, त्यांनी ते न खरवडता काही वर्षे तसेच ठेवले, तर मी त्यांना चूक म्हणणार नाही. इतरांनी शक्यतो उतरवावेत. मात्र सुताराला दिवाळीनंतर लगेच सांगून ठेवावे, कारण पत्र्याखालचे वासे आणि रिपा कौलांच्या वजनासाठी बदलाव्या लागतात, आणि वैशाखात काम धरले तर पावसाच्या धास्तीने पत्रे उतरवण्याऐवजी फोडले जातात.