जेड वाइन म्हणून घेतला, निघाली खाजकुयली

काजूचं कलम घेताना ‘वेंगुर्ला-४ की ७?’ हे चारदा विचारणारा माणूस मी. पण कुडाळजवळ हायवेच्या कडेला उभ्या असलेल्या टेंपोतून जेड वाइन या फुलवेलाच्या रोपांच्या दोन पिशव्या घेतल्या आणि निमूट २,४०० रुपये देऊन घरी आलो.

गेल्या मिरगातली गोष्ट. टेंपोवाल्याने मोबाइलवर जेड वाइनचा फोटो दाखवला. मांडवाखाली लोंबलेले हातभर लांब घोस, वाघनखासारखी वाकडी फुलं, मोरपिशी रंग. हा वेल मुळात फिलिपिन्सच्या जंगलातला, तिथे त्याच्या फुलांवर वटवाघळं येतात. दमट हवा, निचऱ्याची जमीन आणि मुळाशी सावली त्याला मानवते, म्हणजे आपला सिंधुदुर्ग काही त्याला परका नाही. हे सगळं मी आधीच वाचून बसलो होतो आणि तेच नडलं. जेडचं पान त्रिदल असतं हे ठाऊक होतं, पिशवीतल्या रोपाचं पानही त्रिदल होतं. झाली खात्री! वाल, चवळी, पांगारा, पळस सगळ्यांचीच पानं त्रिदल, हे तेव्हा सुचलं नाही.

वर तो म्हणाला, “काका, दोन-तीन वर्षं फुलाची घाई करू नका.” मी विरघळलो. खोटं बोलणारा ‘लगेच फूल येईल’ म्हणाला असता, असा माझा हिशेब. त्याचं वाक्य जेडच्या बाबतीत खरंच होतं, आणि म्हणूनच त्याच्या सोयीचं. तीन वर्षं जाब विचारायला कोण येतंय?

सुपारीच्या सोटांचा मांडव घातला, शेणखत दिलं, मुळाशी नारळाची सोडणं रचली, पाणी साचू नये म्हणून चर काढला. वेल असा सुटला की गणपतीपर्यंत मांडव झाकला. खरा जेड मूळ धरेपर्यंत दम खातो, त्यामुळे इथेच शंका यायला हवी होती. मला मात्र माझ्या शेणखताचा अभिमान वाटला! दिवाळीच्या सुमारास घोस लोंबले, गर्द जांभळे. फोन केला तर म्हणतो, “पहिल्या वर्षी रंग गडद येतो, पुढच्या वर्षी निळा पडतो.” तेही मी मानलं. बायको तेवढी हसली.

पौषात शेंगा धरल्या. एस अक्षरासारख्या वळलेल्या, अंगावर सोनेरी-तपकिरी मखमल. ती मखमल बघून मी एक शेंग बोटांनी कुरवाळली. मग त्याच हाताने मान पुसली. त्यानंतरचा तासभर मी अंगणात काय काय नाच केला ते सांगवत नाही. शेजारच्या म्हातारीने गडग्यावरून बघितलं आणि कपाळावर हात मारला, “रे झिला, ही खाजकुयली मांडवार कित्याक चढयलंस?”

अशी वेळ आलीच तर चोळू नका, कुसं आणखी रुततात. चिकटपट्टी लावून ओढा, मग पाण्याची धार सोडा. मी हे सगळं उलट्या क्रमाने केलं.

रोप घेताना पान उलटं करून बघा. खाजकुयलीच्या पानाच्या पाठीवर रुपेरी लव असते आणि बाजूची दोन दलं एकांगी, मधल्या शिरेच्या एका अंगाला जास्त फुगीर. जेडचं पान गुळगुळीत, चामड्यासारखं. पण एवढी पारख भर रस्त्यात, पावसाची भुरभुर चालू असताना कोण करणार? त्यापेक्षा विकणाऱ्याला फुललेलं मूळ झाड दाखवायला सांगा. फोटो काय, कुणाच्याही मोबाइलमध्ये असतो. बियांची पुडी तर घेऊच नका, जेडचं बी फार दिवस टिकत नाही. आणि बिल मागा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, पण माझ्याकडे दाखवायला होतं काय? फक्त त्याचा फोन नंबर, तोही आता बंद.

वेल सकाळी पाणी मारून ओला केला आणि कोयत्याने छाटला, तोवर काही शेंगा तडकल्या होत्या. यंदाचा मिरग लागला तशी कुंपणाकडेने ओळीने रोपं उगवलीत. पान त्रिदल, पाठ रुपेरी. रोज सकाळी चहाआधी हातमोजे घालून उपटतो. आज अकरा निघाली.