2012 ची झिनफँडेल: वर्षभर चाखल्यानंतरचा अनुभव, आणि तळाच्या गाळाविषयी सविस्तर तक्रार

गेल्या मे महिन्यात वाइन कूलर बंद पडला नसता, तर हा अभिप्राय मी इतक्यात लिहिला नसता. आत झिनफँडेल या द्राक्षाच्या, 2012 सालच्या लाल वाइनच्या काही बाटल्या आडव्या ठेवलेल्या होत्या आणि मुरलेली वाइन महिन्यागणिक कशी बदलते ते पाहावे, म्हणून त्या मध्ये बराच अवकाश ठेवून एकेक उघडण्याचा बेत होता. कूलरने तो मोडला. तरीही त्यापूर्वीच्या आणि नंतरच्या बाटल्या मिळून मत बनवण्याइतका अनुभव गाठीशी आला आहे.

वाइन कॅलिफोर्नियातील सोनोमा परगण्याची आहे. लेबलावर अल्कोहोल 14.8 टक्के लिहिले आहे आणि द्राक्षांत झिनफँडेलबरोबर पेटीट सिरा या दुसऱ्या लाल द्राक्षाचाही हिस्सा आहे. भाचा आणि त्याची पत्नी भारतात येताना या बाटल्या आणत गेले, कारण प्रवाशामागे दोन लिटरपर्यंतचे मद्य विनाशुल्क आणता येते. दीडशे टक्क्यांच्या घरातले आयात शुल्क भरून ही वाइन घेण्याची माझी तयारी कधीच नव्हती. तरीही एका बाटलीचे तिकडचे मोल चार हजार रुपयांच्या आसपास पडले. ही रक्कम लक्षात ठेवावी, कारण पुढील तक्रार तिच्याशीच निगडित आहे.

तुलनेसाठी त्याच मळ्याची 2019 ची एक बाटली मागवली होती. तरुण झिनफँडेल चाखलेल्यांना तिचे वर्णन नवे वाटणार नाही: गडद जांभळा रंग, पहिल्याच घोटात पिकलेले जांभूळ आणि करवंदाचा मुरंबा, मागून काळी मिरी, आणि शेवटी हिरड्यांना जाणवणारा तुरटपणा. ती बोलकी वाइन आहे. ग्लासात ओतताच जे काही सांगायचे ते सांगून मोकळी होते.

2012 ची बाटली उघडताच मात्र निराशा झाली. ग्लास तिरका धरून पांढऱ्या कागदावर पाहिले, तर मध्यभागी रंग अजून लाल होता, पण कडेला विटकरी छटा स्पष्ट दिसत होती. वास जवळजवळ नव्हताच. होता तो बंद कपाटाचा. पहिल्या घोटात सुके अंजीर आणि काळा बेदाणा आला, मधला भाग पोकळ लागला आणि शेवटी अल्कोहोलची ऊब घशात उतरली. त्या क्षणी वहीत मी दहापैकी पाच गुण लिहिले होते.

पुढच्या तासाभरात ते गुण बदलावे लागले. वाइन काचेच्या जगमध्ये ओतून ठेवली होती. पाऊण तासाने बंद कपाटाचा वास उडाला आणि त्याच्या जागी न पेटवलेल्या विडीतल्या तंबाखूचा, थोडासा गोडसर वास आला. विड्या वळणाऱ्यांच्या घरांवरून ज्या सोलापूरकराचे रोजचे जाणे-येणे आहे, त्याला हा वास नेमका कळेल. त्यामागे चामडे, लवंग आणि अगदी शेवटी संत्र्याच्या वाळलेल्या सालीचा कडसरपणा होता. तुरटपणा हिरड्यांना न बोचता जिभेवर पसरत होता. मधला पोकळपणा भरून आला नाही, पण पूर्वीइतका खटकलाही नाही. गुण साडेसात झाले आणि त्यानंतरच्या चांगल्या बाटल्यांत ते सात ते आठ यांच्या दरम्यानच राहिले.

हा बदल का होतो, हे थोडक्यात सांगण्याजोगे आहे. लाल वाइनचा जांभळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांमुळे येतो. बाटलीत वर्षे जातात तशी ही रंगद्रव्ये टॅनिन या तुरटपणा देणाऱ्या द्रव्याशी जोडली जाऊन मोठे रेणू तयार होतात, रंग विटकरी होत जातो आणि जे रेणू फार जड होतात ते तळाशी बसतात; तुरटपणा मऊ होण्यामागे हीच घडामोड आहे. ताज्या फळाचा वास देणारी एस्टर द्रव्येही हळूहळू विघटित होतात. एक गोष्ट तेवढी बाटलीत कितीही वर्षे ठेवली तरी उतरत नाही, आणि ती म्हणजे अल्कोहोल. फळाचा आणि टॅनिनचा पडदा बाजूला झाला की तेच अल्कोहोल उघडे पडते. जुन्या झिनफँडेलची मुख्य अडचण माझ्या मते हीच आहे.

मुळात झिनफँडेलमध्ये अल्कोहोल जास्त का असते, याचे उत्तर द्राक्षाच्या घडात आहे. एकाच घडात काही मणी हिरवे, काही पिकलेले आणि काही वेलीवरच सुकून बेदाणा झालेले, अशी त्याची तऱ्हा असते. आपल्याकडचा बागायतदार, विशेषतः सोलापूरजवळच्या नान्नजच्या काळे यांच्या मळ्यातून पुढे आलेल्या सोनाकासारख्या एकसारख्या मण्यांच्या वाणावर ज्याचा हात बसला आहे तो, असा घड बाजारात नेणारही नाही. वाइन करणाऱ्याला मात्र हिरवे मणी पिकेपर्यंत थांबावे लागते आणि तोवर उरलेल्यांतली साखर वाढत जाते. शिवाय सुकलेल्या मण्यांतली साखर रस काढल्यावर लगेच येत नाही, ती पुढील काही दिवस उतरत राहते, त्यामुळे सुरुवातीच्या मोजणीपेक्षा अल्कोहोल चढेच निघते. जुन्या बाटलीतली बेदाण्याची चव काही अंशी वयाची आणि काही अंशी या घडाची असते. दोन्ही वेगळ्या करणे मला अजून साधलेले नाही.

आता गाळ. 2012 च्या प्रत्येक बाटलीच्या तळाशी काळपट जांभळा, ओल्या कॉफीच्या चोथ्यासारखा गाळ होता आणि तो वाइनमध्ये मिसळला की तोंडात खरखर आणि कडवटपणा येत असे. तो अपायकारक नाही, हे मला ठाऊक आहे. भाच्याने फोनवर सांगितलेही, "मामा, तळाचं ओतू नका, तेवढं सोडूनच द्यायचं असतं." परंतु 750 मिलीच्या बाटलीत पन्नासेक मिली सोडून द्यायची म्हणजे पंधरावा हिस्सा झाला, आणि वर दिलेल्या मोलाने त्याचे अडीचशे रुपयांहून अधिक होतात. अडीचशे रुपये सिंकमध्ये ओतण्याचे शिक्षण आमच्या घरात कोणालाही मिळालेले नाही.

म्हणून उपाय करून पाहिले. बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवली, म्हणजे आडवी असताना कडेला बसलेला गाळ तळाशी येतो. ओतताना मानेखाली मोबाईलचा टॉर्च धरला आणि गाळाची पहिली रेघ खांद्याशी येताच हात थांबवला. यामुळे वाया जाणारा भाग जवळपास निम्म्यावर आला. चहाची गाळणी निरुपयोगी ठरली, कारण गाळ तिच्या जाळीतून सहज उतरतो. धुऊन, साबणाचा वास पूर्ण घालवून घेतलेल्या पांढऱ्या पंचाच्या चौपदरी तुकड्यातून गाळले तेव्हा वाइन स्वच्छ आली, पण चव कडवटच राहिली. शेवटी ती मटणाच्या रश्श्यात गेली आणि तिथे तिने कोणाचे काही बिघडवले नाही. एकदा भाजीच्या कप्प्यात ठेवलेल्या बाटलीत गाळाबरोबर काचेच्या चुऱ्यासारखे स्फटिक निघाले आणि घरात घबराट झाली. ते थंडीमुळे बसणारे टार्टरचे, म्हणजे द्राक्षातल्याच आम्लापासून बनलेले स्फटिक असतात, बुचाच्या आतल्या तोंडाशीही चिकटतात, आणि जुनेपणाशी त्यांचा संबंध नसतो.

या गाळाबद्दल मी झिनफँडेलला जितका दोष देत होतो, तितका तिचा नाही, असे आता वाटते. झिनफँडेलचे टॅनिन मध्यम असते. दाट रंग आणि भक्कम टॅनिन ही पेटीट सिराची देणगी आहे. कॅलिफोर्नियाच्या जुन्या मळ्यांत झिनफँडेलच्या वेलींमध्ये पेटीट सिरा, कॅरिन्यान, अलिकांते बुशे यांच्या वेली मिसळूनच लावलेल्या असत आणि सगळी द्राक्षे एकत्र आंबवली जात. अमेरिकेत लेबलावर द्राक्षाचे नाव लिहायला त्या द्राक्षाचा वाटा किमान 75 टक्के लागतो, त्यामुळे उरलेल्या भागात काय आहे हे खरेदीपूर्वी पाहणे उपयोगाचे ठरते. 1966 पासून निघणाऱ्या रिज वाइनरीच्या गायझरविल या वाइनचे नाव जुन्या बाटल्यांच्या चर्चेत नेहमी येते. तीही अशीच मिश्र वाइन आहे. निव्वळ झिनफँडेलच्या बहुतेक बाटल्या पहिल्या तीन ते पाच वर्षांतच संपवाव्यात. दहा वर्षे तग धरण्याची ताकद आणि तळाचा गाळ एकाच हिश्शातून येतात, हे पटते. पैशांचे दुःख मात्र त्याने कमी होत नाही.

काटकसरी माणसाची दुसरी पंचाईत म्हणजे जुनी वाइन उघडल्यावर टिकत नाही. 2019 ची अर्धी बाटली बूच लावून फ्रीजमध्ये ठेवली, तर तिसऱ्या दिवशीही ती बऱ्यापैकी लागली. 2012 ची अर्धी बाटली दुसऱ्या संध्याकाळी निस्तेज आणि किंचित आंबूस झाली होती. घरात पिणारा मी एकटा आहे, आणि तेही बेताने. त्यामुळे जुनी बाटली उघडायची तर दोन मित्रांना बोलवावेच लागते, आणि मित्र आले की मटणही आले.

मटणाविषयी इशारा आवश्यक आहे. सोलापुरी तिखट रस्सा, कडक भाकरी आणि शेंगा चटणी यांच्याबरोबर तरुण झिनफँडेलचे फळ टिकाव धरते; जुनीचे नाजूक वास पहिल्या घासातच हरवतात आणि तिखट व अल्कोहोल एकमेकांची आग वाढवतात. जुनीबरोबर कमी मसाल्याचे सुके मटण किंवा नुसते भाजलेले काजू-बदाम उत्तम. लाल वाइन घरच्या तापमानाला प्यावी, हा सल्ला युरोपातल्या 18 अंशांच्या खोल्यांसाठी आहे. आमच्या बैठकीच्या खोलीत एप्रिलमध्ये 35 अंश असतात आणि त्या तापमानाला ही वाइन ग्लासात नाक नेताच डोळ्यांत पाणी आणते. ओतण्यापूर्वी बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावी.

आता कूलरकडे वळतो. तो कॉम्प्रेसरचा नसून थर्मोइलेक्ट्रिक प्रकारचा होता. आवाज नाही, वीज कमी, किंमतही कमी, म्हणून घेतला. हिवाळ्यात त्याने 14 अंश व्यवस्थित राखले. असे यंत्र बाहेरच्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनीच आतली हवा थंड करू शकते, त्यामुळे मार्चपासून आतला आकडा वर सरकू लागला आणि मे महिन्यात, बाहेर पारा 43 च्या पुढे असताना, पंखा पूर्ण थांबला. आठवडाभर फोन केल्यावर आलेल्या तंत्रज्ञाने हमीपत्रातली बारीक अक्षरांतली ओळ दाखवली: सभोवतालचे तापमान 25 अंशांपर्यंत असावे. सोलापुरात मे महिन्यात 25 अंश कोठे मिळतात, असे विचारल्यावर त्याने गंभीरपणे सुचवले, "साहेब, त्या खोलीत एसी लावून घ्या." थंड ठेवायच्या यंत्राला थंड ठेवण्यासाठी दुसरे यंत्र घेण्याची ही सूचना मी लेखी मागितली आहे. उत्तर आलेले नाही.

या प्रकरणातून चवीची एक तुलना मात्र हाती लागली. बंद कूलरमध्ये काही दिवस राहिलेल्या एका बाटलीचे बूच मानेतून किंचित वर आले होते आणि आवरणाखाली चिकट ओघळ होता. त्याच पेटीतली, वेळीच फ्रीजमध्ये हलवलेली दुसरी बाटली शेजारी ठेवून दोन्ही एकाच संध्याकाळी उघडल्या. रंगावरून तापलेली बाटली अधिक जुनी भासत होती, कारण तिच्यातली विटकरी छटा पुढे गेली होती. चवीत मात्र शिजवलेला बेदाणा आणि करपलेला गूळ यांपलीकडे काही नव्हते. तंबाखू नाही, लवंग नाही, सालीचा कडसरपणा नाही. काचेच्या जगमध्ये तासभर ठेवूनही काही उलगडले नाही. उष्णतेने रासायनिक क्रियांचा वेग वाढतो हे खरे, पण सगळ्यांचा सारख्या प्रमाणात वाढत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात तापलेली वाइन लवकर मुरत नाही, ती फक्त बिघडते. "आमच्याकडे दोन वर्षांतच दहा वर्षांची चव येते" असे सांगणारे लोक मला भेटले आहेत. त्यांना मी यापुढे ही जोडी चाखायला देईन, अर्थात तापलेली बाटली उरली असती तर. तिचाही रस्साच झाला.

मग घ्यावी का? कॉम्प्रेसरचा कूलर किंवा बारमाही थंड राहणारी जागा नसेल, तर सोलापुरात झिनफँडेल साठवण्याच्या फंदात पडू नये. नाशिकची ताजी झिनफँडेल आणावी आणि होळीपूर्वी संपवावी. तोच वंश थोड्या वेगळ्या रूपात पाहायचा असेल, तर इटलीच्या पुलिया प्रांताची प्रिमितीवो आहे. ती आणि झिनफँडेल एकच असल्याचे डीएनए तपासणीतून सिद्ध झाले आहे आणि 2001 मध्ये त्यांचे मूळ क्रोएशियात सापडले. आपल्याच जिल्ह्यात अकलूजला लाल वाइन तयार होते, तिथले सँजोव्हेझे द्राक्ष निराळे असले तरी आयात शुल्काचा प्रश्न येत नाही. ज्यांना मुरलेलीच झिनफँडेल चाखायची आहे, त्यांनी पेटीट सिराचा हिस्सा असलेली, सात ते दहा वर्षांची बाटली परदेशातून येणाऱ्याकडून थेट मागवावी आणि ती साठवण्याऐवजी महिन्याभरात उघडावी. दहा वर्षांपुढे फळ इतके मागे हटते की पिणाऱ्याच्या वाट्याला प्रामुख्याने ऊब उरते.

माझ्याकडे 2012 ची जी उरली आहे, ती सध्या भाजीच्या कप्प्यात कोथिंबिरीशेजारी आडवी आहे आणि दिवाळीनंतर भाचा येईल तेव्हा उघडेन. ओतण्याचे काम त्याच्याकडे देणार आहे. तळाचे किती सोडतो ते मोजपात्राने मोजीन.