धाब्याचं जुनं घर: खारी ठेवायची की स्लॅब टाकायचा?

यावल, चोपडा, अमळनेरकडच्या गावांत काळ्या दगडाची, मातीत रचलेली दोन फुटी भिंत आणि वर सागाचा कडीपाट (लाकडी कड्यांवर फळ्या) आणि त्यावर मातीचं सपाट छप्पर, म्हणजे धाबं, अशी घरं अजून उभी आहेत. धाबं गळायला लागलं की घरात स्लॅबचा विषय निघतो. मातीचं ओझं भिंतीला पेलत नाही, असं कारण दिलं जातं.

ओझ्याचा हिशेब आधी मांडा. दहा बाय वीसच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे दोन ब्रास (दोनशे घनफूट), सुमारे 9 टन. पाच इंची स्लॅब 6 टनांच्या आसपास. स्लॅब हलका भरतो, तरी तो मातीच्या जुडाईवर थेट टेकवू नका. लाकूड थोडं दबतं, झुकतं, भिंतीला सांभाळून घेतं. स्लॅब उन्हात प्रसरण पावतो, रात्री आकसतो आणि भिंतीचा माथा ढकलत राहतो. वरच्या थरातले दगड सुटू लागतात. स्लॅबच हवा असेल तर त्याला स्वतःचे कॉलम द्या आणि काळ्या जमिनीत पाया मुरमापर्यंत न्या. खर्च तिथेच वाढतो. शिवाय मे महिन्यात असा स्लॅब रात्री उशिरापर्यंत खोलीत उष्णता सोडतो. वर वीटतुकड्यांचा कोबा नसेल तर खाली झोपणं कठीण.

धाब्याचं खरं दुखणं वेगळं आहे. मृगाआधी धाब्यावर नवी खारी, म्हणजे खारवट माती, पडते, जुनी कुणी काढत नाही. थर दीड फुटावर गेला की तुळई (कड्यांखालचं मुख्य आडवं लाकूड) वाकते, मधे खोलगट होतं, पाणी तिथेच मुरतं. आधी तुळयांखाली टेकू लावा. माती दोन्ही बाजूंनी सारखी उतरवा, मधे ढीग करू नका. सहा इंच ठेवा आणि पन्हाळीकडे दर पाच फुटांना इंचभर उतार द्या. वरचा थर खारीचाच हवा: तिच्यातल्या क्षारांमुळे चिकणमातीचे कण सुटे होऊन छिद्रं बुजवतात, गवतही फारसं उगवत नाही. काळी माती टाकली तर उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पहिलाच पाऊस घरात येतो. प्लॅस्टिक अंथरायचं असेल तर मातीच्या थरांमधे. थेट पाटावर टाकलं तर लाकूड घामेजून कुजतं.

निर्णय कड्यांच्या टोकांवर करा. भिंतीत शिरलेल्या टोकाला पटाशी (सुताराची छिन्नी) टोचून पाहा. ती सहज आत गेली तर वाळवी किंवा कूज आहे. चार-सहा कड्या बदलून भागत असेल तर धाबंच ठेवा, आमचं मत स्पष्ट आहे. निम्म्याहून जास्त गेल्या असतील तर कॉलमवरचा स्लॅब. भिंतीला पोट सुटलं, म्हणजे ती मधे फुगली असेल तर दोन्हीआधी तेवढा भाग उतरवून, आरपार दगड घालून पुन्हा रचा.

पत्रे स्वस्त पडतात, पण उन्हाळ्यात खोली तापते आणि वादळात ते उडू नयेत म्हणून भिंतीत खोल नांगर लागतो.

छत कोणतंही असो, दगडी भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. ओल आत कोंडते, लोणा (क्षारांचा पांढरा थर) धरतो आणि गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. सांधे चुना-वाळूने भरा, एकास तीन.